त्वचारोगविद्येचीं गुरुपीठें

शरीराच्या सर्व अवयवांत त्वचा हा एकच अवयव असा आहे कीं, जो सदैव उघड्यावर असतो. हृदयाचा बिघाड ऐकावा लागतो, छातीचा ठोकून पाहावा लागतो, पोटाचा तर्कानें ताडावा लागतो; पण अंगावरचा डाग, खपली किंवा फोड वैद्यास दिसतो, रोग्यास दिसतो आणि रस्त्यानें जाणाऱ्या परक्या माणसासहि दिसतो. तेव्हां त्वचेचे रोग ओळखणें हें वैद्यकांतील सर्वांत सोपें काम असावें, असें कोणासहि वाटेल. इतिहासाची साक्ष मात्र नेमकी उलट आहे. जें सर्वांस दिसत होतें, तेंच वाचण्यास विद्वान् वैद्यांना शतकानुशतकें आलें नाहीं. डोळे होते, पण डोळ्यांना शिक्षण नव्हतें. आणि हें शिक्षण पुस्तकांतून मिळत नाहीं. रोगी समोर हवा, त्याच्या शेजारीं अनुभवी गुरु हवा, आणि गुरु कोठें बोट ठेवतो हें पाहणारा शिष्य हवा. म्हणूनच आजहि वैद्यकाची उच्च पदवी हातीं पडल्यावर तरुण डॉक्टर एखाद्या नामांकित रुग्णालयांत फेलोशिप मिळवून आणखी एक-दोन वर्षें उमेदवारी करतात. या रिवाजाचा इतिहास दोनशें वर्षांहून अधिक जुना आहे. तो लंडनहून पॅरिसला, पॅरिसहून व्हिएन्नाला, तेथून नॉर्वेंतील बर्गेन या बंदरास आणि शेवटीं मुंबई-कलकत्त्यास येऊन पोंचतो. ज्ञान कोणापासून मिळालें आणि तें कोणाच्या अंगावर मिळविलें, हे दोन प्रश्न या साऱ्या प्रवासांत एकसारखे पुढें येत राहतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्यें रॉबर्ट विलन नांवाचा एक वैद्य गोरगरिबांच्या मोफत दवाखान्यांत काम करीत असे. त्या काळीं त्वचारोगांचीं नांवें म्हणजे एक अरण्यच होतें. ग्रीक, लॅटिन व अरबी ग्रंथांतून आलेलें एकच नांव दहा निरनिराळ्या विकारांना लावलेलें असे, आणि एकाच विकारास दहा नांवें असत. विलननें एक साधा नियम घालून घेतला. रोगाच्या कारणाविषयीं तर्क लढविण्यापूर्वीं अंगावर प्रथम काय उठतें तेवढें पाहावें: साधी पुटकुळी, खपली, लाली, मोठा फोड, पुवाची पुळी, पाण्याची बारीक पुळी, गांठ कीं डाग. या आठ वर्गांवर त्यानें आपली सर्व विद्या उभारली. त्याचा ग्रंथ १८०८ सालीं बाहेर पडला. पण तो पुरा होण्याआधींच १८१२ सालीं त्यास मृत्यु आला, आणि त्याचा शिष्य टॉमस बेटमन यानें १८१३ सालीं गुरूची पद्धति संक्षिप्त ग्रंथरूपानें जगापुढें ठेविली. शिकण्यासारखें कांहीं तरी आतां लंडनला होतें. परंतु शिकविण्यासारखी जागा तेथें नव्हती. ती पॅरिसला होती.

पॅरिसच्या जुन्या तटाबाहेर बांधलेलें सेंट लुई नांवाचें एक विस्तीर्ण रुग्णालय आहे. चौथ्या हेन्री राजानें प्लेगच्या सांथीनंतर १६०७ सालीं त्याचा पाया घातला. शहरापासून रोगी दूर ठेवावे, एवढाच त्यांत मूळ हेतु होता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पॅरिसच्या रुग्णालयांची नवी घडी बसविण्यांत आली, तेव्हां १८०१ सालीं हें रुग्णालय मुख्यतः त्वचेच्या व इतर जुनाट रोगांकरितां राखून ठेवण्यांत आलें. ज्यांना दुसऱ्या कोणत्याहि रुग्णालयांत थारा मिळत नसे, असे खरजेनें, नायट्यानें, गंडमाळेनें गांजलेले शेंकडों लोक एका छपराखालीं एकत्र झाले. त्यांना दूर लोटण्याकरितां केलेली ही व्यवस्था नकळत एक विद्यापीठ होऊन बसली. दहा रोगी दहा ठिकाणीं विखुरलेले असतां ज्या गोष्टी कोणाच्या ध्यानीं येत नाहींत, त्या एका ओळींत शंभर रोगी बसले म्हणजे आपोआप नजरेंत भरतात.

या रुग्णालयाचा पहिला मोठा आचार्य ज्यां लुई आलिबेर. हा मोठा वाक्‌पटु व शोभेची आवड असलेला गृहस्थ होता. पुढें तो अठराव्या लुई राजाचा वैद्यहि झाला. रुग्णालयाच्या आवारांत लिंडन वृक्षांची झाडी होती. हवा बरी असली म्हणजे आलिबेर त्या झाडांखालीं उभा राहून व्याख्यान देई. एकेक रोगी पुढें आणला जाई, आणि विद्यार्थ्यांच्या व परदेशीय पाहुण्यांच्या घोळक्यांत त्याच्या रोगाचें विवरण होई. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडांचीं कुळें लावतात तशीं रोगांचीं कुळें लावून, आलिबेरनें १८२९ सालीं फांद्या-डहाळ्यांसह एक ‘त्वचारोगांचा वृक्ष’ मांडला. चित्र देखणें होतें. विद्यार्थ्याच्या हातीं मात्र त्यांतून फारसें कांहीं लागत नसे.

त्याच रुग्णालयांत लोरां बिएत नांवाचा, जन्मानें स्विस असलेला, एक तरुण वैद्य होता. नेपोलियनची युद्धें संपून समुद्रमार्ग मोकळा होतांच तो १८१६ सालीं लंडनला गेला आणि बेटमनपाशीं विलनची पद्धति शिकून परत आला. दोन राष्ट्रें वीस वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या उरावर बसलीं होतीं. तरी एक शिकाऊ वैद्य तिकडे गेला आणि एका खेपेंत तेथील विद्या घेऊन आला. बिएत स्वतः लिहीत नसे. परंतु त्याचे शिष्य काझनाव्ह व शेडेल यांनीं १८२८ सालीं त्याचे पाठ छापून काढले, आणि विलनचे आठ वर्ग पॅरिसच्या मार्गें युरोपभर पसरले. आलिबेरच्या वृक्षाची सावली हळूहळू ओसरली.

सेंट लुईंत घडलेली याहून बोधप्रद गोष्ट खरजेची आहे. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळें होते, हें सतराव्या शतकांतच इटलींतील निरीक्षकांनीं सांगून ठेविलें होतें. परंतु पॅरिसच्या वैद्यांना तो किडा कांहीं केल्या सांपडेना. १८१२ सालीं गालेस नांवाच्या एका तरुणानें आपल्या पदवीच्या प्रबंधांत तो सांपडल्याचें जाहीर केलें व त्याचें चित्रहि छापलें. पुढें १८२९ सालीं रास्पाय या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, चित्रांतला किडा खरजेचा नसून जुन्या चीजमध्यें पडणारा आहे! आतां तर असा किडा मुळीं नाहींच, असें मोठमोठे आचार्य म्हणूं लागले. अखेर १८३४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत आलिबेरच्या विभागांतील रेनुची नांवाच्या विद्यार्थ्यानें सर्वांच्या देखत एका रोग्याच्या हातावरून सुईच्या टोकानें जिवंत किडा काढून दाखविला. रेनुची हा कॉर्सिका बेटाचा राहणारा. त्याच्या गांवाकडील गरीब बायका मुलांच्या हातांतील खरजेचे किडे टांचणीनें टिपून काढीत, हें त्यानें लहानपणापासून पाहिलें होतें. पंडित पाण्याच्या पुळींत किडा शोधीत होते; त्या बायकांना ठाऊक होतें कीं, किडा पुळींत नसतो, तिच्यापासून निघालेल्या बारीक भुयाराच्या टोकाशीं असतो. पॅरिसच्या सर्वांत प्रसिद्ध रुग्णालयास ही गोष्ट निरक्षर स्त्रियांपासून शिकावी लागली.

सेंट लुईनें शिक्षणाच्या साधनांत आणखी एक भर घातली. रोगी बरा होऊन घरीं जातो किंवा मरून जातो, आणि दुर्मिळ रोग पाहण्याची संधि त्याच्याबरोबर नाहींशी होते. पुढच्या वर्षींच्या विद्यार्थ्यानें काय पाहावें? शार्ल लाल्ये या वैद्यास पॅरिसच्या बाजारांत कागदाच्या लगद्याचीं हुबेहूब फळें करून विकणारा ज्यूल बारेता हा कारागीर आढळला. त्यास त्यानें रुग्णालयांत आणलें. रोग्याच्या प्रत्यक्ष अंगावरून ठसा घेऊन बारेतानें १८६७ सालापासून रोगांच्या रंगीत प्रतिकृति तयार करण्यास आरंभ केला. १८८९ सालीं त्वचारोगतज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद याच रुग्णालयांत भरली, तेव्हां त्या प्रतिकृतींचें संग्रहालय उघडण्यांत आलें. आज तेथें चार हजारांहून अधिक प्रतिकृति आहेत. काचेआड मांडलेला प्रत्येक हात, प्रत्येक चेहरा कोणा एका गरीब माणसाचा आहे. त्याचें नांव बहुधा कोणास ठाऊक नाहीं, पण त्याच्यापासून पिढ्यान् पिढ्यांचे डॉक्टर शिकले आहेत.

या प्रवासाचा दुसरा मुक्काम व्हिएन्ना. सम्राट् दुसरा जोसेफ यानें १७८४ सालीं तेथें एक प्रचंड सार्वजनिक रुग्णालय उघडलें होतें. १८४१ सालीं फर्डिनांड हेब्रा हा पंचवीस वर्षांचा नवा पदवीधर तेथें दाखल झाला. छातीच्या रोगांचा विख्यात तज्ज्ञ योसेफ स्कोडा याच्या विभागांत ‘पुरळवाल्यांची खोली’ म्हणून एक उपेक्षित खोली होती. तिच्यांत बहुतेक खरजेचे रोगी भरलेले असत, आणि तेथें पाऊल टाकण्यास कोणी वैद्य राजी नसे. स्कोडानें ती खोली या नव्या उमेदवाराच्या माथीं मारली. दुसरा एखादा तरुण याला शिक्षा समजला असता. हेब्रानें ती खाण समजून खणावयास सुरुवात केली.

त्या काळचा सर्वमान्य समज असा होता कीं, त्वचेवरील रोग हा आंतील दूषित रक्ताचा निचरा आहे. तो वरून बरा केला तर विष पोटांत जिरून माणूस दगावतो. या समजापायीं खरजेचे रोगी रेचकें घेत, पथ्यें पाळीत, आणि महिनेच्या महिने अंग खाजवीत पडून राहत. हेब्रानें खरजेचे किडे स्वतःच्या अंगावर सोडून घेतले व पुढें काय होतें याची नोंद ठेविली. रक्त दूषित नसलेल्या निरोगी माणसासहि खरूज होते, आणि किडा मारला कीं ती जाते, हें त्यानें स्वतःच्या कातड्यावर सिद्ध करून १८४४ सालीं प्रसिद्ध केलें. गंधक, डांबर व मऊ साबण यांचें मलम चोळून तो थोडक्या दिवसांत रोगी घरीं पाठवूं लागला. याच सुमारास त्याच रुग्णालयांत रोकिटान्स्की हा शवविच्छेदनावरून रोगांचें मूळ शोधीत होता. ती दृष्टि हेब्रानें त्वचेला लावली, आणि १८४५ सालीं त्वचारोगांची नवी मांडणी केली. १८४९ सालीं तो दुय्यम प्रतीचा प्राध्यापक झाला. पूर्ण प्राध्यापकपद मिळण्यास मात्र त्यास १८६९ पर्यंत वाट पाहावी लागली.

हेब्राची शिकविण्याची तऱ्हा वेगळी होती. रोग्यास आधीं कांहीं विचारावयाचें नाहीं. कपडे उतरवून उजेडांत उभें करावयाचें आणि प्रथम पाहावयाचें. रोग कोठें आहे, कोठें नाहीं, उजव्या-डाव्या अंगास सारखा आहे कीं नाहीं, नखांचे ओरखडे कोठपर्यंत पोंचले आहेत, हें सारें पाहून झाल्यावर मगच तोंड उघडावयाचें. रोग्याच्या हातांवरील घट्टे व डाग पाहूनच तो त्याचा धंदा सांगत असे, अशी त्याची ख्याति होती. या गंमतीमागें शिस्त होती. रोग्याची हकीकत आधीं ऐकली म्हणजे डोळे ती हकीकतच पाहूं लागतात, कातडें पाहत नाहींत.

या खोलीकडे हळूहळू साऱ्या जगाची वाट वळली. बोस्टनचा जेम्स व्हाइट १८५६ सालीं हार्वर्डची पदवी घेऊन व्हिएन्नास आला, हेब्रापाशीं शिकला, आणि १८७१ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत अमेरिकेंतील पहिला त्वचारोगाचा प्राध्यापक झाला. १८७६ सालीं तेथील त्वचारोगतज्ज्ञांची संस्था स्थापन झाली, तिचाहि तो पहिला अध्यक्ष. फिलाडेल्फियाचा लुई ड्यूरिंग युरोपांत दोन वर्षें घालवून परतला व त्यानें स्वदेशीं त्वचारोगांचा दवाखाना काढला. हंगेरींतून आलेला मोरित्स कापोसी हा तर हेब्राचा शिष्य, सहाय्यक, जांवई आणि १८८० सालीं हेब्रा वारल्यावर त्याच्या आसनाचा वारस झाला. परदेशीय डॉक्टरांसाठीं व्हिएन्नांत थोड्या आठवड्यांचे पाठ असत. फी भरावी, सहाय्यक अध्यापकाबरोबर रोज रोगी पाहावे, आणि पाठ संपला म्हणजे दुसरा धरावा. आजच्या फेलोशिपचें व्यावहारिक रूप येथेंच घडलें. हजारों अमेरिकन डॉक्टर १९१४ पर्यंत या मार्गानें येऊन गेले. महायुद्धानें ती वाट मोडली. पुढें १९३८ सालीं ऑस्ट्रिया नाझी जर्मनीस जोडला गेल्यावर व्हिएन्नाच्या वैद्यक शाखेंतील सुमारें निम्मे अध्यापक, बहुतेक ज्यू म्हणून, काढून टाकण्यांत आले. जें पीठ उभारण्यास शंभर वर्षें लागलीं, तें उध्वस्त होण्यास कांहीं आठवडे पुरले.

तिसरें पीठ या दोन्ही राजधान्यांच्या मानानें अगदींच आडबाजूस होतें. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोळी व शेतकरी यांच्यांत एकोणिसाव्या शतकांत महारोग फार पसरला होता. १८५६ सालीं तेथील सरकारनें रोग्यांची देशभर नोंद सुरू केली, तेव्हां त्या लहानशा देशांत अडीच हजारांहून अधिक रोगी निघाले. बर्गेन येथें डॅनियल डॅनियलसन व कार्ल बोक यांनीं १८४७ सालीं महारोगावर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि दोनच वर्षांनीं तेथें या रोगाच्या संशोधनाकरितां एक खास रुग्णालय निघालें. डॅनियलसनचें मत असें कीं, हा रोग आनुवंशिक आहे, संसर्गजन्य नाहीं. तें पडताळून पाहण्याकरितां त्यानें महारोग्याच्या गांठींतील द्रव्य स्वतःच्या अंगांत टोचून घेतलें होतें. त्यास रोग झाला नाहीं.

त्याच्या हाताखालीं १८६८ सालीं गेरहार्ड हॅन्सन हा तरुण डॉक्टर आला. १८७० सालीं विद्यावेतन मिळवून तो सूक्ष्मदर्शकाचें काम शिकण्यास जर्मनींत बॉन येथें गेला. फ्रान्स-जर्मनीचें युद्ध जुंपल्यामुळें तेथून त्यास व्हिएन्नास जावें लागलें. परत आल्यावर त्यानें डॅनियलसनच्या मुलीशीं लग्न केलें आणि सासऱ्याच्या मताविरुद्ध पुरावा गोळा करण्यास आरंभ केला! १८७३ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत त्याला महारोग्याच्या गांठींत काडीच्या आकाराचे जंतु दिसले, आणि १८७४ सालीं त्यानें तें प्रसिद्ध केलें. माणसाच्या जुनाट रोगाशीं जंतूचा संबंध जोडणारा तो जगांतील अगदीं आरंभींचा पुरावा होता. परंतु हॅन्सन जपून बोलणारा होता. जंतु दिसले, तेच रोगाचें कारण, असें ठामपणें सांगण्यास त्याचें मन धजेना.

१८७९ सालच्या उन्हाळ्यांत जर्मनींतील ब्रेस्लाउ येथून आल्बर्ट नाइसर हा चोवीस वर्षांचा डॉक्टर बर्गेनला शिकण्यास आला. परम्याचा जंतु शोधून काढून त्यानें त्याच वर्षीं नांव मिळविलें होतें. हॅन्सननें त्याला रोगी दाखविले आणि परत जातांना गांठींचे पुष्कळ नमुने दिले. नाइसरला जंतूंना रंग देण्याची नवी युक्ति साधली होती. घरीं जाऊन त्यानें नमुने रंगविले, जंतु स्वच्छ दिसले, आणि १८८० सालीं महारोगाचा जंतु आपण शोधल्याचें त्यानें जाहीर केलें. ज्यानें घरचें दालन उघडून दाखविलें, त्याच्या वाट्यास अगदीं थोडें श्रेय ठेवण्यांत आलें. हॅन्सननें घाईनें आपले निबंध निरनिराळ्या भाषांत छापून घेतले. रंग देण्याचें कौशल्य नाइसरचें होतें, हें खरेंच. तरी शोध कोणाचा, याविषयीं विद्वानांचा निवाडा हॅन्सनच्या बाजूनें झाला, आणि १८९७ सालच्या बर्लिन येथील पहिल्या महारोग परिषदेंत त्याचा मान निर्विवाद ठरला.

हा झाला गुरूच्या ऋणाचा प्रश्न. रोग्याच्या ऋणाचा प्रश्न याहून बिकट होता, आणि त्यांत हॅन्सनच सांपडला. जंतु शरीरांत सोडून रोग उत्पन्न करून दाखविल्याशिवाय पुरावा पुरा होत नव्हता. प्राण्यांवरील प्रयोग फसले होते. १८७९ च्या नोव्हेंबरांत त्यानें रुग्णालयांतील एका स्त्रीच्या डोळ्यास दुसऱ्या रोग्याच्या गांठींतील द्रव्य लावलेलें शस्त्र टोंचलें. तिला रोग आधींच होता, पण वेगळ्या प्रकारचा. तिची परवानगी त्यानें घेतली नव्हती. ती नाहीं म्हणेल हें ठाऊक असल्यामुळेंच घेतली नव्हती. तिनें तक्रार केली. १८८० सालच्या मे महिन्यांत न्यायालयानें हॅन्सनला दोषी ठरविलें व त्या रुग्णालयांतील डॉक्टरची जागा त्यास सोडावी लागली. महारोगाचा देशाचा मुख्य वैद्यकीय अधिकारी हें पद मात्र त्याच्याकडे राहिलें. गरीब, शिक्षणाचा गंध नसलेली, रोगामुळें जगानें टाकलेली एक स्त्री एका बाजूस, आणि जगद्विख्यात होऊं घातलेला शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूस. असें असतां न्यायालयानें स्त्रीचें गाऱ्हाणें खरें मानलें, हें त्या लहानशा देशास भूषणावह आहे.

नाइसरचीहि पाळी पुढें आली. उपदंशावर लस शोधण्याच्या नादांत त्यानें १८९२ च्या सुमारास कांहीं वेश्यांना व अल्पवयी मुलींना त्या रोग्यांच्या रक्तांतील द्रव टोंचला. त्यांना विचारलेंहि नाहीं. १८९८ सालीं तें प्रसिद्ध झाल्यावर मोठा गहजब झाला, १९०० सालीं त्यास दंड झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रशियाच्या मंत्र्यानें रुग्णालयांस आज्ञापत्र काढलें. केवळ शास्त्रासाठीं करावयाचा प्रयोग अज्ञान मुलांवर करूं नये. इतरांवरहि, संभाव्य अपाय नीट समजावून सांगून संमति घेतल्यावांचून करूं नये, असा त्याचा आशय होता. रोग्याच्या संमतीविषयीं सरकारनें घालून दिलेल्या जगांतील अगदीं पहिल्या नियमांपैकीं हा एक. त्वचारोगाच्या दोन मोठ्या संशोधकांच्या अपराधांतून नंतरच्या सर्व विद्यार्थ्यांनीं पाळावयाचा धडा निघाला.

बर्गेनची वाट मुंबईसहि येऊन मिळते. ग्रे याच्या शरीररचनेवरील १८५८ सालच्या जगप्रसिद्ध ग्रंथांतील चित्रें काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षीं सरकारी वैद्यकीय नोकरींत मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यानें शरीरशास्त्र शिकविलें, आणि पुढें कित्येक वर्षें तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. अनवाणी शेतांत राबणाऱ्यांच्या पायास सूज येऊन त्यांतून दाणे दाणे पडतात, त्या ‘मदुरा पाय’ नांवाच्या रोगाचें मूळ बुरशींत आहे, हें त्यानें सूक्ष्मदर्शकानें पाहून सांगितलें, आणि १८७४ सालीं त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मुंबईंतील महारोग्यांची तपासणी तर त्यानें आल्यापासूनच चालविली होती. चाळिशी उलटल्यावर, रजेच्या काळांत, हा अनुभवी डॉक्टर पुन्हां विद्यार्थी झाला. १८७३ सालीं, म्हणजे हॅन्सनला जंतु दिसले त्याच वर्षीं, तो नॉर्वेस गेला, तेथील रुग्णालयें व नोंदणीची पद्धति त्यानें पाहिली, आणि हिंदुस्थानच्या संदर्भासह त्यावर अहवाल लिहून तो १८७४ सालीं छापला. परततांना उत्तर इटली, ग्रीक बेटें व पॅलेस्टाइन येथील महारोगाचीहि त्यानें पाहणी केली. मग काठेवाडांत हिंडून त्याच दृष्टीनें रोगी मोजले. रोग हटवावयाचा तर आधीं रोगी किती व कोठें आहेत हें ठाऊक हवें आणि त्यांना आसरा हवा, हा नॉर्वेचा धडा त्यानें येथें आणला. मुंबईस माटुंग्याचें महारोग्यांचें आश्रयस्थान मात्र १८९० सालीं, म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या खटपटीनें निघालें. तोंपर्यंत कार्टर निवृत्त होऊन गेला होता.

पण साताऱ्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या होतकरू एतद्देशीय डॉक्टरास बर्गेनला कोण पाठविणार? उच्च शिक्षणासाठीं समुद्र ओलांडणें हें त्या काळीं फार थोड्यांच्या आवाक्यांत होतें. देशांतल्या देशांत असें शिक्षण मिळण्याची मोठी सोय झाली ती १९२१ सालीं, कलकत्त्यास उष्ण कटिबंधांतील रोगांची शाळा सुरू झाली तेव्हां. तेथें महारोगाच्या व त्वचारोगांच्या संशोधनाचे विभाग होते, बाह्य रुग्णांची गर्दी होती, आणि ठिकठिकाणचे डॉक्टर येऊन शिकून आपापल्या प्रांतीं परत जात. ज्या देशांत रोगी, त्याच देशांत विद्यापीठ, हें सेंट लुईचें सूत्र येथें पुन्हां खरें ठरलें.

या शाळेंत १९४९ च्या सुमारास एक आगळा विद्यार्थी येऊन गेला. तो डॉक्टर नव्हता. विदर्भांतील वरोऱ्याचा वकील होता. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच पुढें सर्वविश्रुत झालेले बाबा आमटे, यांनीं महारोग्यांची सेवा आरंभली होती. पण निदान व उपचार रीतसर शिकल्यावांचून सेवा आंधळी राहील हें जाणून ते कलकत्त्यास महारोगाचा अभ्यासक्रम पुरा करण्यास गेले. महारोगाचा जंतु प्रयोगशाळेंत वाढत नाहीं, ही हॅन्सनपुढील अडचण तेव्हांहि कायम होती. माणसाच्या शरीरांत तो वाढवून पाहण्याची गोष्ट निघाली, तेव्हां बाबांनीं स्वतःचें शरीर पुढें केलें. प्रयोग यशस्वी झाला नाहीं. शिक्षण घेऊन ते वरोऱ्यास परतले, आणि तेथें आनंदवन उभें राहिलें.

हेब्रानें खरजेचा किडा स्वतःच्या अंगावर घेतला, डॅनियलसननें गांठीचें द्रव्य स्वतःस टोंचून घेतलें, बाबांनीं आपलें शरीर देऊं केलें; हॅन्सन व नाइसर यांनीं दुसऱ्याचें, न विचारतां, घेतलें. यांत विद्वत्तेचा फरक नव्हता. १९४० नंतर महारोगावर गुणकारी औषध हातीं आलें, १९८१ पासून अनेक औषधांचा एकत्र उपचार रूढ झाला, आणि तो रोग आज पूर्ण बरा होतो. अंगावरचा डाग वाचावयास शिकविणारीं रुग्णालयें आतां भारतांतहि पुष्कळ आहेत. तेथें फेलोशिपसाठीं जाणाऱ्या तरुणास आचार्य मिळतील, यंत्रें मिळतील, ग्रंथ मिळतील. परंतु रोज सकाळीं बाह्य रुग्ण विभागाच्या बाकावर येऊन बसणारा, लाजून बाही खालीं ओढणारा तो माणूस जोंपर्यंत आपण होऊन बाही वर करीत नाहीं, तोंपर्यंत त्या शिक्षणास आरंभ होत नाहीं. पॅरिसच्या झाडीखालीं असो कीं माटुंग्याच्या आश्रयस्थानांत असो, या विद्येचा पहिला गुरु तोच होता.